माय त्याला पाडायला उभी राहिली

आमच्या बस्तीच्या तोंडाशी, नाल्याच्या अलीकडे, लोखंडी पाइपांचा एक ढीग होता. निवडणुकीच्या आधी एका सकाळी ट्रकमधून ते पाइप आले आणि मजुरांनी धडाधड खाली लोटले. आवाजाने सगळी बस्ती बाहेर आली. पाइपांसोबत आलेल्या मुकादमाने सांगितलं की नळाची लाइन मंजूर झाली आहे, निवडणूक आटोपली की खोदकाम सुरू होईल.

तोवर आमची सगळी भिस्त एका विहिरीवर होती. बस्ती उत्तर नागपुरात, बहुतेक घरं दीक्षा घेतलेल्यांची. दीक्षेच्या दिवशी मी मायच्या कडेवर होते, असं ती सांगायची. बाबा मिलमध्ये होते, ते मी शाळेत असतानाच वारले. त्यानंतर घर मायच्या विड्यांवर आणि दादाच्या मजुरीवर चाललं. मी मॅट्रिक झाले, मग कॉलेजात जाऊ लागले. बस्तीत कॉलेजात जाणाऱ्या मुली फार नव्हत्या, त्यामुळे कोणाचंही पत्र आलं किंवा पेपरातली बातमी वाचायची असली, की लोक माझ्याकडे येत.

पाइप आले त्याच्या थोडं आधी दादाचं लग्न झालं होतं. वहिनी कुहीकडच्या एका खेड्यातली, धानाच्या बांध्यांत वाढलेली. माझ्याच वयाची. घरात आली तेव्हा सासर आहे म्हणून चार दिवस गप्प राहिली आणि मग तिचं हसणं सुरू झालं. ती हसायची तेव्हा शेजारच्या घरातल्या बाया विडीचं सूप मांडीवर घेऊन दारात येऊन बसायच्या, काय झालं ते ऐकायला. आमच्या विहिरीचं पाणी पहिल्यांदा काढलं तेव्हा तिने बादलीत पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, "आमच्या गावच्या बोडीत म्हशी बसतात, तरी तिचं पाणी याच्याहून बरं असते वं."

पाइपांवर आम्ही दोघी कपडे वाळत घालायचो. एकदा तिने एका पाइपाच्या तोंडाला कान लावला आणि मला दुसऱ्या टोकाला पाठवलं. मी काहीतरी बोलले. तिने ते ऐकून तिकडून माझी नक्कल केली. मग दोघींना तो नादच लागला. घरात सासूसमोर जे बोलता येत नव्हतं, ते ती पाइपातून सांगायची. दिवस गेल्याचं तिने मला आधी तिथूनच सांगितलं.

आमच्या वॉर्डाचा नगरसेवक राज्यावर असलेल्या पक्षाचा होता. त्याला सगळे भाऊ म्हणत. नाल्यापलीकडे नवीन लेआउट पडलं होतं, तिथे त्याचं घर. पुढे मोठा व्हरांडा, त्यात खुर्च्यांची रांग, आणि सकाळपासून लोक बसलेले. कोणाला रेशनकार्ड हवं, कोणाला दाखला, कोणाला नोकरीची चिठ्ठी. त्या निवडणुकीत आमच्या बस्तीने निळ्या झेंड्याच्या उमेदवाराला मतं दिली. आपला माणूस, आपला झेंडा, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आमचा उमेदवार पडला, भाऊ निवडून आला. तेव्हा मतमोजणी पेटीगणिक होई. कोणत्या शाळेतल्या कोणत्या पेटीत कोणाला किती पडली, ते सगळ्यांना कळायचं. आमच्या पेटीत त्याला जवळजवळ काहीच नव्हतं.

निकालानंतर काही दिवसांनी ट्रक परत आले. त्याच मुकादमाने मजुरांना पाइप चढवायला लावले. वाळत घातलेले कपडे बायांनी ओढून घेतले. माय बाहेर गेली आणि तिने विचारलं, काहून नेऊन राहिले. मुकादम म्हणाला, वरून ऑर्डर आहे. तो आमच्याकडे न पाहता बोलत होता. ट्रक नाल्यावरच्या पुलावरून पलीकडे गेले आणि लेआउटमध्ये थांबले. आमच्या दारातून ते दिसत होतं. त्याच उन्हाळ्यात तिथे खोदकाम झालं, लाइन पडली, नळ आले. संध्याकाळी तिथल्या अंगणांत लोक रबरी नळीने मोगऱ्याला पाणी घालत. आमच्या बाया विहिरीच्या कठड्यावर बादली खाली सोडून उभ्या असायच्या आणि ते पाहायच्या.

माय आणि बस्तीतल्या काही बाया भाऊकडे गेल्या. मीही गेले, कारण अर्ज मी लिहिला होता. व्हरांड्यातल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. आम्ही पायऱ्यांजवळ उभ्या राहिलो. त्याने अर्ज हातात घेतला, वाचला नाही. मायकडे पाहिलं आणि मोठ्या प्रेमाने, हसत म्हणाला, "बाई, ज्याच्या पेटीत मत टाकलं, त्याच्या घरून पाणी भरा."

व्हरांडाभर लोक हसले. तोही त्यांच्यासोबत हसला. त्याने शिवी दिली असती तर आम्ही भांडलो असतो. हसण्यावर काय बोलणार? आम्ही परत आलो. पुलावर आल्यावर मायने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाली, "आज तो माह्याकडे पाहून हासला."

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात नाला फुगला आणि बस्तीच्या खालच्या बाजूने घाण पाणी विहिरीकडे झिरपलं. दर वर्षी झिरपायचं. त्या वर्षी कावीळ आली. एकाच्या घरात, मग शेजारी, मग ओळीने. लहान मुलं अंथरुणावर पडली आणि उठलीसुद्धा. मोठ्या माणसांना अशक्तपणा आला, पण तीही बहुतेक उठली. वहिनीला दिवस भरत आले होते. एका सकाळी ती भाकरी थापत असताना मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. पांढरं होतं तिथे हळदीसारखं झालं होतं. मी मायला हाक मारली. वहिनी म्हणाली, काही नाही वं, झोप नाही झाली.

माळ घालून कावीळ उतरवणारा एक म्हातारा होता, आधी त्याच्याकडे नेलं. मग दादाने रिक्षा करून धंतोलीत एका डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरने तिचं पोट तपासलं, डोळे पाहिले आणि मायला बाजूला घेऊन विचारलं, पाणी कुठलं पिता? मायने सांगितलं. तो म्हणाला, ताबडतोब मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या, पोटुशी बाईची कावीळ फार वाईट. तिथून आम्ही थेट तिकडे गेलो. दुसऱ्या दिवशी तिला आम्ही ओळखू येईनासे झालो. ती माझा हात झटकत होती आणि गावच्या बोलीत तिच्या आईशी बोलत होती, जणू आई समोरच बसली आहे. मग तेही थांबलं. तिचं पोर पोटातच गेलं आणि ती त्याच्या मागोमाग.

ती गेली तेव्हा माझ्याजवळ तिची बांगड्यांची पुरचुंडी होती. नर्सने काढून दिली होती. ती मी दादाच्या हातात द्यायला गेले तर त्याने हात मागे घेतला.

आठवड्याभरात भाऊ बस्तीत आला. बस्तीत आणखीही मयती झाल्या होत्या, पेपरात आलं होतं. त्याने सोबत कॉर्पोरेशनची माणसं आणली आणि विहिरीत पांढरी पावडर टाकवली. फोटो काढणारा होता. त्याने भाऊला कठड्याजवळ उभं केलं, हातात पावडरचा डबा दिला. दादा घरातून निघाला. त्याच्या हातात खड्डे खणायची लोखंडी सब्बल होती. माय दारात आडवी उभी राहिली. तिने ओरडून काही सांगितलं नाही, दोन्ही हातांनी चौकट धरली फक्त. दादा तिच्यापेक्षा डोकंभर उंच, पण तिला हलवून बाहेर पडणं त्याला जमलं नाही. भाऊ निघून गेल्यावर माय म्हणाली, "तू त्याले मारशील, तो डोक्याले पट्टी बांधून फिरन आन् लोक त्याले हार घालतीन. तू जेलात जाशील. त्याचं काय जाईन?"

दादाने सब्बल कोपऱ्यात टाकली. काही दिवसांनी तो वाडीला गेला, अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमालीला लागला आणि तिथेच खोली घेतली. म्हणाला, मला त्या विहिरीच्या बाजूने जाता येत नाही.

मला मात्र जाता येत होतं. मी रोज जायचे, पाणी काढायचे, उकळायचे, आणि पुलापलीकडच्या व्हरांड्याकडे बघायचे. राग माझ्या अंगात असा मुरला की तो राग आहे हेही मला कळेना. कॉलेजात बसले तरी त्याचं हसणं ऐकू यायचं. मनातल्या मनात मी त्याला कितीतरी प्रकारे मारलं. त्याच्या घराला आग लावली, त्याला विहिरीत लोटलं, त्याच्या मुलींना पांढरं नेसवलं. हे मी आज लिहिते आहे, कारण तेव्हा मला त्याने बरं वाटायचं.

पुढची निवडणूक आली तेव्हा एक वेगळीच गोष्ट घडली. निळ्या झेंड्याच्या आमच्या पुढाऱ्यांनी भाऊच्या पक्षाशी समझोता केला. वरच्या पातळीवर काही जागांची देवघेव झाली आणि आमचा वॉर्ड भाऊला सोडला. विहारात बैठक झाली. बाहेरून आलेल्या पुढाऱ्याने सांगितलं, यंदा आपली मतं भाऊला, समाजाचं हित बघा. भाऊ त्याच्या शेजारी हात जोडून बसला होता. काहींनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मी मायला म्हटलं, मागच्या वेळी हा जेमतेम निवडून आला होता. मी पेपरात वाचलेलं मला आठवत होतं. यंदा विरोधी उमेदवार तगडा आहे आणि भाऊ आपल्या मतांवर विसंबून आहे. त्याला हरवणारा माणूस आपल्याला शोधायची गरज नाही. त्याच्या पायाखालून आपली मतं काढून घेतली की तो पडेल. ती मतं घ्यायला कोणीतरी उभं राहायला हवं, एवढंच.

माय विडी वळत होती. पानावर जर्दा पसरला, पान गुंडाळलं, दोरा बांधला, टोक दाबलं. मग म्हणाली, "कोन उभं राहीन?"

मी म्हटलं, "तू."

मला वाटलं ती हसेल. तिने सूप खाली ठेवलं. "तू अजून लहान आहेस, तुले कोनी मत देनार नाही," ती म्हणाली. "मले बाया ओळखतात." आणि खरंच, विडी कारखान्यात विड्या द्यायला जाणाऱ्या आजूबाजूच्या सगळ्या मोहल्ल्यांतल्या बाया तिला ओळखत होत्या. कोष्टी बाया, मुसलमान बाया, आमच्या बाया, सगळ्या एकाच ओळीत बसायच्या. कारखान्याचा माणूस विड्यांत खोट काढून त्या छाटून टाकायचा, तेव्हा त्याच्याशी भांडायला या सगळ्या मायलाच पुढे करायच्या.

अनामत भरायला बायांनी पदराच्या गाठी सोडल्या, कमी पडलं ते दादाने वाडीहून पाठवलं. अर्ज मी भरला. तिची सही सावकाश, अक्षर अक्षर जोडून झाली. चिन्ह आम्ही बादली मागितली होती, मिळाली छत्री. बस्तीत हसू झालं की प्यायला पाणी नाही आणि बाईच्या हातात छत्री. मायलाही हसू आलं. वहिनी गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

अर्ज मागे घ्यायच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, दुपारी, भाऊ आमच्या घरी आला. एकटा, स्कूटरवर, सोबत कोणी नाही. मी दारातच होते. त्याने मला विचारलं, बाई आहे का घरी? मायने त्याला खाटेवर बसवलं. आम्ही दोघी समोर जमिनीवर बसलो. तो घामाघूम झाला होता. जवळून पाहिला तेव्हा तो मला वाटला होता त्याहून वयस्क दिसला.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही निवडून येत नाही, हे तुमाले माहीत हाये."

"माहीत हाये."

"मंग काहून उभ्या राह्यल्या?"

"तुमाले पाडाले," माय म्हणाली.

त्याने रुमालाने मान पुसली. मग हळू आवाजात बोलू लागला. उद्या सकाळी अर्ज मागे घ्या, दुपारपर्यंत पाइप बस्तीत येतील. मत पडायच्या आत खोदकाम सुरू करतो, मी स्वतः उभा राहीन. पोरीला नोकरीला लावतो, कॉर्पोरेशनच्या शाळेत. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं नाही.

माय म्हणाली, "माह्या सुनेच्या टायमाले काहून नाही आनले पाइप?"

"तुमच्या सुनेचा जीव मी घेतला का?" त्याचा आवाज चढला. "कावीळ काय मी आनली? सगळ्या नागपुरात होती."

"पाणी नाही देलं, ते मी पोटात घातलं असतं," माय म्हणाली. "गरिबाले कोन देते? पन तुमी हासले. मी तुमच्या दारात उभी होती आन् तुमी हासले."

त्याला आठवत नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. तो आठवायचा प्रयत्न करत होता आणि त्याला काहीच सापडत नव्हतं. एवढे दिवस आम्ही जे उराशी धरून जगलो, ते त्याच्यासाठी घडलंच नव्हतं. तेव्हा मला जो राग आला, तसा वहिनीच्या मयतीतही आला नव्हता.

तो उठला. दारात वळून म्हणाला, "बस्तीले विचारा. पाणी पायजे का तुमचा बदला पायजे, ते तुमच्या लोकायले विचारा."

तो बरोबर जागी बोट ठेवून गेला होता. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घरोघर पोचली. स्कूटर आमच्या दारातून निघून विहारासमोर थांबली होती, तिथे त्याने लोकांना सांगितलं होतं. वडीलधारी माणसं आमच्या अंगणात जमली. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांनी बस्तीत पहिली शाळा चालवली होती, मायला समजावू लागले की पाणी महत्त्वाचं, माणूस काय, आज आहे उद्या नाही. माय ऐकत होती. मग शेजारची बाई उठली. तिला तीन लहान लेकरं, धाकटं अजून अंगावर पिणारं. ती मायच्या रोजच्या बसण्याउठण्यातली. ती म्हणाली, "बाई, तुमची सून गेली, ते दुःख आमाले हाये. पन आमच्या पोरायले त पाणी भेटू द्या."

उत्तर मी दिलं. मी म्हटलं, पाइप त्याने याआधीही आणले होते आणि उचलून नेले होते. उद्या आणेल आणि निवडून आला की परत नेईल. मी अगदी ठामपणे बोलले. तो खरंच असं करेल की नाही, हे मला माहीत नव्हतं. कदाचित त्याने या खेपेला लाइन टाकलीही असती. पण मला ते पाणी त्याच्या हातून नको होतं.

माय शेवटी उठली. म्हणाली, "ज्याले त्याले मत द्याचं असन त्यानं द्यावं. मी कोनाचा हात धरत नाही. पन मी अर्ज मांगं घेत नाही." आणि घरात जाऊन चूल पेटवू लागली. लोक थोडा वेळ थांबले, मग पांगले. शेजारच्या बाईने जाताना माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही ओळखता येईल.

प्रचाराला आमच्याकडे काहीच नव्हतं. विरोधी उमेदवाराचा माणूस गुपचूप येऊन भोंगा आणि बॅटरी देऊन गेला. त्याला आमच्या उभं राहण्याचा फायदा होता, आणि ते आम्हालाही ठाऊक होतं. मायने भोंगा घेतला. त्याने जीपही देऊ केली होती, ती मायने नाकारली. सायकलरिक्षावर भोंगा बांधून आम्ही मोहल्ल्यामोहल्ल्यात गेलो. पुढे माय, मागे विडीवाल्या बाया, प्रत्येकीच्या हातात मिटलेली छत्री. छत्र्या मागून आणल्या होत्या, काहींच्या काड्या मोडलेल्या. ऊन चढलं की त्या उघडायच्या आणि सगळा रस्ता काळ्या छत्र्यांचा व्हायचा.

मायचं भाषण मी लिहून दिलं होतं. तिने पहिल्याच कोपऱ्यावर ते बाजूला ठेवलं. ती फक्त झालेलं सांगायची. पाइप आले, पाइप गेले, सून गेली, तो हसला. मी तुम्हाला नळ देते, रस्ता देते, असं ती कुठेच म्हणाली नाही. "मी निवडून येत नाही," ती म्हणायची. "मले मत द्या, म्हंजे तो निवडून येत नाही." बाया ऐकायच्या. कोष्टी मोहल्ल्यात एक म्हातारी पुढे आली, तिने मायच्या हातातली छत्री घेतली, उघडली, वर पाहिलं आणि परत दिली. तिच्या घरात सगळी मतं छत्रीला पडली, असं आम्हाला नंतर कळलं.

मतमोजणी एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. मायची प्रतिनिधी म्हणून मी आत बसले. मी त्या खोलीत सकाळपासून एक गोष्ट पाहत होते, भाऊचा चेहरा. लेआउटची पेटी उघडली तेव्हा तो पान चघळत होता. कोष्टी मोहल्ल्याची उघडली तेव्हा त्याने चघळणं थांबवलं. आमच्या बस्तीची पेटी उघडली. कारकून कागद उलगडून वेगळे ठेवत होता. भाऊच्या चिन्हाची एक चवड, छत्रीची एक चवड. समझोत्याचा आदेश पाळणारे होते, आणि पाणी हवं असणारेही होते, त्यामुळे त्याची चवड अगदीच लहान नव्हती. पण छत्रीची तिच्यापेक्षा उंच होती. तो उठून टेबलाजवळ आला आणि त्या चवडीकडे बघत उभा राहिला. ते बघणं मी डोळे भरून पाहिलं.

तो थोडक्या मतांनी पडला. त्याने फेरमोजणी मागितली, ती झाली, तरी पडला. माय तिसरी आली आणि तिची अनामत जप्त झाली. तिला मिळालेली मतं त्याला कमी पडलेल्या मतांपेक्षा जास्त होती. त्याचे लोक बाहेर निघाले तेव्हा तो माझ्याजवळून गेला आणि थांबला. म्हणाला, "आता तुमच्या बस्तीले कोन पाणी देते, पाह्यतो मी."

मी त्याच्याकडे पाहून हसले. तोंडावर हसले. मनात ठरवून आले होते.

बाहेर निवडून आलेल्याचे लोक गुलाल उधळत होते. त्यांनी मायलाही गुलाल लावला, जणू ती त्यांचीच. तिने पदराने गाल पुसला. त्या रात्री आमच्याकडे कोणी आलं नाही. दादाला निरोप पाठवला होता, तो दुसऱ्या दिवशी आला. मी त्याला सगळं सविस्तर सांगितलं, चवडी, फेरमोजणी, भाऊचा चेहरा. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मंग?" मी त्याला ताट वाढलं. तो जेवला आणि वाडीला परत गेला. पुढे त्याने दुसरं लग्न केलं, त्याचं बरं चाललं, पण त्या निवडणुकीबद्दल तो कधीच बोलला नाही.

पाणी आलं नाही. नवीन नगरसेवकाने मायला लुगडं पाठवलं, तिने ते परत केलं आणि पाइपांचं विचारलं. तो म्हणाला, वर सरकार त्यांचं आहे, माझ्या वॉर्डाला पैसा देत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात टँकर येऊ लागला, कधी यायचा, कधी नाही. लाइन पडली ती ऐंशी साल उलटून गेल्यावर, एका मोठ्या योजनेत, कोणी मागितली नसताना. तोवर शेजारच्या बाईच्या मधल्या मुलाला कावीळ होऊन गेली होती. तो वाचला. ती मायशी मरेपर्यंत बोलली नाही. विहिरीवर माय आली की ती भरलेली बादली तशीच ठेवून दूर जाऊन उभी राहायची. बस्तीत काही लोक आजही म्हणतात की त्या छत्रीवाल्या बाईमुळे आपलं पाणी दहा वर्षं लांबलं. मला ते ऐकू येतं.

भाऊचं मात्र काही राहिलं नाही. पुढच्या वेळी पक्षाने त्याला तिकीट दिलं नाही. जो माणूस विडीवालीकडून पडतो, त्याला कशाला उभा करायचा, असं म्हणे बैठकीत कोणी बोललं. अपक्ष उभा राहिला, पुन्हा पडला. व्हरांड्यातल्या खुर्च्या आधी कमी झाल्या, मग आत गेल्या. कारखान्यात विड्या घेऊन जायला मायला सरळ रस्ता होता, पण ती पुलावरून लेआउटमध्ये शिरून लांबच्या वाटेने जाऊ लागली. त्याच्या घरासमोर आल्यावर ती डोक्यावरची टोपली खाली उतरवायची, पदर सारखा करायची, पुन्हा टोपली उचलायची. तो बसलेला असेल तर त्याच्याकडे पाहायची. तो आत निघून जायचा. कधी मी सोबत असायचे. एकदा मी म्हटलं, माय, आता पुरे. ती म्हणाली, "तुले काय घाई हाये वं?"

मी शाळेत मास्तरीण झाले, स्वतःच्या परीक्षा देऊन. रिटायर झाल्यावर लोक मला विचारतात, तुम्ही तेव्हा पाणी घ्यायला हवं होतं का? शिकल्या-सवरलेल्या बाईने सूड काय धरायचा? मी त्यांना सांगते की त्या टेबलाजवळचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो आणि अजून बरं वाटतं. याहून चांगलं उत्तर मला देता येत नाही.

तो गेल्याची बातमी मीच घरी आणली. तेव्हा मायला नीट दिसत नव्हतं, पण हाताला सवय होती, विड्या वळायची. मी म्हटलं, भाऊ गेला, आत्ताच मयत नेली.

तिने विचारलं, "लय लोक होते का वं मयतीले?"

मी म्हटलं, "नाही. घरचेच होते."

"बरं," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.